मंद पडणारा वायपर : जुन्या मोटारगाडीतील दोषाचे निदान व दुरुस्ती

प्रास्ताविक

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की गॅरेजांतून वायपरच्या तक्रारींची गर्दी होते. आपल्या हवामानाचा विचार करता यात नवल नाही. ऑक्टोबरपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे वर्षातील सुमारे आठ महिने, वायपर जवळजवळ निश्चल पडून असतो. या काळात त्याच्या रबरावर ऊन तापते, सांध्यांतील ग्रीस सुकते, तारांच्या जोडांवर गंज चढतो. आणि नंतर एके दिवशी अकस्मात त्याने पूर्ण वेगाने काम करावे अशी आपली अपेक्षा असते. नव्या गाडीत ती बहुधा पुरी होते. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत ती पुरी होईलच असे नाही.

विषय वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु त्यात दोन गोष्टी पणास लागलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे गाडीतील व रस्त्यावरील माणसांची सुरक्षितता. घाटात ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी सेकंदास ८ मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. वायपर मिनिटास ५० फेरे करीत असेल तर काच दर ०.६ सेकंदाने एकदा पुसली जाते व तेवढ्यात गाडी ५ मीटर पुढे गेलेली असते. फेरे १५ वर आले तर दोन पुसण्यांमधील काळ २ सेकंद होतो व गाडी सुमारे १७ मीटर अंतर पावसाने धूसर झालेल्या काचेआडून तोडते. घाटातील एखादे वळण तेवढ्या अंतरात येऊन जाते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने व १९७४ पासून पद्मिनी या नावाने तयार होणाऱ्या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अशा गाडीची मूळची चांगली मोटर चुकीच्या निदानापायी टाकून दिली वा जळाली, तर तशीच दुसरी मिळेल याची शाश्वती राहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जात असता आंबा घाटात प्रस्तुत लेखकाच्या जुन्या गाडीचा वायपर मंदावला. मिनिटास जेमतेम पंधरा फेरे होत. घाट उतरल्यावर एका गॅरेजमधील मिस्त्रींनी आपल्याजवळची दुसरी मोटर बसवून दिली. फेरे दुप्पट झाले, आणि दोष मोटरीतच होता याविषयी मिस्त्री व गाडीचा मालक या दोघांचीही खात्री पटली. पुढच्या पावसाळ्यात ती दुसरी मोटर जळाली. पहिले निदान चुकले होते हे त्यावरून उघड झाले. परंतु निदान चुकले असेल तर मोटर बदलताच फेरे दुप्पट कसे झाले, हा प्रश्न उरला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आणि त्या ओघात निदानाचा एक निश्चित क्रम वाचकांपुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. लेखात ‘मोटर’ हा शब्द सर्वत्र वायपरच्या विद्युत् मोटरीसाठी योजिला असून वाहनास ‘गाडी’ म्हटले आहे. वायपरचे एकदा जाणे व येणे मिळून एक ‘फेरा’ समजावा.

यंत्ररचना

अमेरिकेतील मेरी अँडरसन या महिलेस १९०३ च्या नोव्हेंबर महिन्यात काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. त्या साधनात आतील दांडा हाताने हलवून बाहेरची पुसणी फिरवावी लागे. पुढे इंजिनाच्या शोषणनळीतील निर्वाताचा उपयोग करून वायपर चालवू लागले. या योजनेत एक मूलभूत उणीव होती. चढणीवर इंजिनास अधिक इंधनमिश्रण लागते, त्यासाठी शोषणनळीची झडप उघडावी लागते, व झडप उघडताच निर्वात कमी होतो. परिणामी ऐन चढावर वायपर मंदावत असे. विद्युत् मोटरीने ही अडचण दूर केली. आपल्याकडील ज्या जुन्या गाड्या आज चालू स्थितीत आहेत त्यांत बहुतांशी विद्युत् वायपर असल्याने पुढील विवेचन त्यांनाच लागू आहे.

मोटरीचा आस अतिशय जलद फिरतो. त्याच्या टोकाशी असलेल्या वर्मच्या साहाय्याने एक मोठी गरारी फिरते व वेग पुष्कळ कमी होऊन जोर त्याच प्रमाणात वाढतो. गरारीच्या आसावर एक लहान क्रँक असतो. क्रँकचे वर्तुळाकार फिरणे लिंकच्या दांड्यांमार्फत काचेखालील दोन स्पिंडलांपर्यंत पोचते व तेथे त्याचे मागे-पुढे डोलण्यात रूपांतर होते. स्पिंडलाच्या बाहेर आलेल्या दातेरी टोकावर वायपरचा हात बसविलेला असतो, हाताच्या टोकास ब्लेड, आणि ब्लेडमध्ये रबर. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत लिंकऐवजी नळीतून सरकणारी लवचिक दातेरी तार असते. तेथेही दोषांचे स्वरूप तेच राहते, फक्त सुकलेल्या ग्रीसची जागा बदलते.

विद्युत्‌प्रवाहाचा मार्गही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजकडून स्विच, तेथून मोटर. आणि मोटरीकडून बॅटरीकडे परत येण्यासाठी बहुधा वेगळी तार नसते. मोटर ज्या बोल्टांनी गाडीच्या पत्र्यास आवळलेली असते त्या बोल्टांतून प्रवाह पत्र्यात शिरतो व पत्र्यातूनच बॅटरीच्या दुसऱ्या टोकाशी येतो. यासच व्यवहारात अर्थिंग म्हणतात. रंग, गंज व ओल या तिहींचा उपद्रव या ठिकाणी सर्वांत अधिक होतो.

मोटरीची गती आणि तीतील प्रवाह

मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यांत बॅटरीच्या दाबास विरोध करणारा एक उलट विद्युत्‌दाब निर्माण होतो. चुंबकीय क्षेत्र कायम असेल तर हा उलट दाब गतीच्या सम प्रमाणात असतो. बॅटरीच्या दाबातून हा उलट दाब वजा करून जे उरते, तेवढाच दाब वेटोळ्यांच्या रोधातून प्रवाह ढकलतो. मोटरीचा जोर या प्रवाहाच्या सम प्रमाणात असतो. यास्तव यंत्रणा जड झाली की मोटरीस अधिक जोर लावावा लागतो, त्यासाठी प्रवाह वाढावा लागतो, आणि प्रवाह वाढण्यासाठी उलट दाब, म्हणजेच गती, कमी व्हावी लागते. मंदावलेली मोटर याचा अर्थ दुर्बळ झालेली मोटर असा होतोच असे नाही. पुष्कळदा ती नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर करीत असते.

आकडेमोड सोपी व्हावी म्हणून पूर्णांक घेऊ. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट, मोटरीचा अंतर्गत रोध १ ओहम, आणि यंत्रणा निरोगी असता प्रवाह २ अँपिअर असे समजू. तेव्हा रोधात २ व्होल्ट खर्च होऊन उलट दाब १० व्होल्ट राहील. या स्थितीत मिनिटास ५० फेरे होतात असे मानू. म्हणजे उलट दाबाच्या प्रत्येक व्होल्टामागे ५ फेरे.

आता समजा, स्पिंडल सुकून जड झाले व तेवढ्या जोरासाठी ६ अँपिअर प्रवाह लागू लागला. रोधात ६ व्होल्ट खर्च झाले, उलट दाब ६ व्होल्ट उरला, आणि फेरे ३० झाले.

याउलट, स्पिंडल निरोगी आहेत, परंतु अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज चढून तेथे अर्धा ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजू. प्रवाह २ अँपिअरच असल्याने गंजात केवळ १ व्होल्ट खर्च होतो. उलट दाब ९ व्होल्ट, फेरे ४५. पन्नासाचे पंचेचाळीस झाल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दोन्ही दोष एकाच वेळी असतील तर काय होते पाहा. प्रवाह ६ अँपिअर. मोटरीच्या रोधात ६ व्होल्ट व गंजात ३ व्होल्ट खर्च. उलट दाब ३ व्होल्ट उरतो आणि फेरे १५ होतात. एका दोषाने २० फेरे घटत होते, दुसऱ्याने ५; दोन्ही मिळून २५ घटावेत असे वाटते, परंतु प्रत्यक्षात ३५ घटले. जड स्पिंडलामुळे प्रवाह वाढतो आणि वाढलेल्या प्रवाहामुळे एरवी निरुपद्रवी असलेला गंज भारी पडतो. दोष परस्परांना बळ देतात ते असे.

प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मोटर बदलताना मिस्त्रींनी जुने बोल्ट काढले, बैठकीचा पत्रा घासून पुसला आणि नवी मोटर घट्ट आवळली. त्या खटाटोपात अर्थिंग आपोआप दुरुस्त झाले. पंधराचे तीस फेरे झाले ते त्यामुळे. जुन्या मोटरीत दोष नव्हता आणि नव्या मोटरीत विशेष गुण नव्हता. जड स्पिंडल मात्र जेथल्या तेथे राहिले व नवी मोटर पहिल्या दिवसापासून ६ अँपिअर ओढीत राहिली.

वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २ अँपिअर प्रवाहाने १ ओहम रोधात ४ वॅट उष्णता होते, ६ अँपिअरने ३६ वॅट. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. मुठीत मावेल अशा बंद डब्यातून एवढी उष्णता लवकर बाहेर पडत नाही. अशा मंडलावर बहुधा ८ अँपिअर वा त्याहून मोठा फ्यूज असल्याने तो उडत नाही, आणि काही मोटरींत असलेले उष्णतेने उघडणारे संरक्षक बटण काही वेळ वायपर थांबवून पुन्हा चालू करते, त्यामुळे दोषाचा उगम अधिकच झाकला जातो. वेटोळ्यांवरील आवरण हळूहळू करपते व एखाद्या पावसाळी संध्याकाळी मोटर कायमची थांबते.

निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचे मुख्य सूत्र निघते. मोटर, तिला मिळणारा दाब आणि तिच्यावर पडणारा भार या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग करून तपासाव्यात, व तपासणी संपेपर्यंत कोणताही भाग बदलू नये. त्यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

(१) प्रथम काच भरपूर पाण्याने भिजवून एका मिनिटातील फेरे मोजावेत. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नये. रबर व कोरडी काच यांमधील घर्षण ओल्या काचेच्या मानाने पुष्कळ अधिक असते, आणि काच सुकत येताना, पाण्याचा थर तुटू लागतो त्या क्षणी, घर्षण विशेष वाढते. म्हणूनच मुसळधार पावसात बिनतक्रार चालणारा वायपर झिमझिम पावसात अडतो. फेऱ्यांचे माप कोणते धरावे, याविषयी अमेरिकेचे संघीय सुरक्षा-प्रमाण क्रमांक १०४ उपयोगी पडते. त्यानुसार वायपरला किमान दोन गती हव्यात. एक मिनिटास ४५ फेऱ्यांहून कमी नसावी, दुसरी २० हून कमी नसावी व दोहोंत किमान १५ फेऱ्यांचे अंतर असावे. एकाच गतीच्या जुन्या गाडीतही पंचेचाळीसच्या आसपास फेरे होत असल्यास यंत्रणा सुस्थितीत आहे असे समजण्यास हरकत नाही.

(२) वायपरचे हात काचेपासून उचलून उभे करावेत व पुन्हा फेरे मोजावेत. फेरे एकदम वाढले तर भार काचेवर आहे: रबर खराब आहे, हाताची स्प्रिंग अतिकडक आहे वा काचेवर थर साचला आहे. फेरे फारसे वाढले नाहीत तर दोष काचेच्या अलीकडे आहे.

(३) बॅटरीची तार काढून ठेवावी व मोटरीच्या क्रँकपासून लिंक सोडवावी. ही खबरदारी न घेता लिंकमध्ये हात घालणे धोक्याचे आहे. अकस्मात फिरलेला क्रँक बोट चिरडू शकतो. लिंक सोडविल्यावर तार पुन्हा जोडून मोटर एकटी चालवावी व प्रवाह मोजावा. निरोगी लहान मोटर या स्थितीत साधारणपणे १.५ ते ३ अँपिअर घेते. आवाज एकसारखा, गती स्थिर व प्रवाह या मर्यादेत असल्यास मोटर निर्दोष समजून तिला हात लावू नये. सामान्य मल्टिमीटरची प्रवाहमर्यादा बहुधा १० अँपिअर असते आणि अडलेली मोटर त्याहून अधिक प्रवाह ओढू शकते, हे ध्यानात असावे.

(४) लिंक सुटलेली असतानाच प्रत्येक स्पिंडल त्याच्या आतील लहान दांडीला धरून दोन बोटांनी फिरवून पाहावा. येथे एक चूक नेहमी होते. पुष्कळजण बाहेरील हाताचे टोक धरून ढकलतात व तो सहज हलला असे म्हणतात. ३५ सेंटीमीटर लांबीच्या हाताच्या टोकाशी अर्धा किलो जोर लागत असेल तर तो आपणास क्षुल्लक भासतो. परंतु लिंक ज्या दांडीस ओढते ती सुमारे ४ सेंटीमीटरच असते, व तेथे तोच जोर जवळजवळ साडेचार किलो भरतो. तरफेच्या लांब बाजूने पाहिल्यास दोष लपतो. शिवाय लिंक जोडलेली असताना हात ढकलणे इष्ट नाही. वर्म उलट दिशेने फिरत नाही, त्यामुळे सारा ताण गरारीच्या दातांवर येतो व ते तुटण्याचा संभव असतो.

(५) लिंक पुन्हा जोडून, काच ओली ठेवून वायपर चालवावा व तो चालू असतानाच दाब मोजावा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या सांगाड्यास जोडलेल्या टोकावर व दुसरी मोटरीच्या धातूच्या अंगावर टेकवावी. निरोगी अर्थिंगमध्ये एक-दोन दशांश व्होल्टच दिसतील. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास तेथे दोष आहे. याचप्रमाणे बॅटरीचे दुसरे टोक व मोटरीचे प्रवाह शिरण्याचे टोक यांमधील अंतर मोजावे. तेथील घट फ्यूजच्या पकडीत, स्विचमध्ये किंवा तारेच्या जोडात असते. मोटर थांबलेली असताना केलेली मोजणी निरुपयोगी होय. प्रवाहच नसल्याने गंजात दाब खर्च होत नाही व मापक निःशंकपणे १२ व्होल्ट दाखवितो. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. मोजणीपूर्वी तेवढे पाहून घ्यावे. मापक हाताशी नसल्यास एक जाड तार मोटरीच्या अंगापासून बॅटरीच्या सांगाड्याकडील टोकापर्यंत धरावी. वायपर तत्काळ जलद झाला तर अर्थिंगविषयी शंका उरत नाही.

याखेरीज काही लक्षणे स्वतःच बोलकी असतात. एकच हात हलत असेल तर दुसऱ्या बाजूची लिंक निसटलेली असते किंवा हाताचे दाते झिजून तो स्पिंडलावर घसरत असतो. स्विच बंद करताच वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल, अथवा स्विच बंद केल्यावरही थांबत नसेल, तर दोष विश्रामस्थानाच्या स्विचमध्ये आहे. गरारीसोबत फिरणारा हा स्विच मुख्य स्विच बंद झाल्यावरही हात खाली येईपर्यंत प्रवाह चालू ठेवतो व तेथे तो तोडतो. त्याचे टोक जुळले नाही तर पहिले लक्षण दिसते, सुटले नाही तर दुसरे.

दुरुस्ती

स्पिंडलची दुरुस्ती खर्चाची नाही, कष्टाची आहे. हात काढण्यापूर्वी मोटर विश्रामस्थानी आणून हाताची जागा काचेवर खडूने आखून ठेवावी, म्हणजे परत बसविताना हात काचेच्या चौकटीवर आपटणार नाहीत. स्पिंडल काढून बुशसह रॉकेलने धुवावा, गंज बारीक काचकागदाने उतरवावा, आणि नवे ग्रीस भरून बसवावा. तोंडाशी असलेला रबरी वायसर फाटला असेल तर तो अवश्य बदलावा. पाणी आत शिरते ते याच वाटेने, आणि तो तसाच ठेवल्यास सारे श्रम एका पावसाळ्यापुरतेच ठरतात. स्पिंडल काढणे शक्य नसल्यास गंज सोडविणारे पातळ तेल बुशच्या तोंडाशी थेंबाथेंबाने सोडून तो मागे-पुढे फिरवीत राहावा व मोकळा झाल्यावर जाड तेल द्यावे. पातळ तेल एकटे टिकत नाही. लिंकच्या सांध्यांतील नायलॉनचे बुश झिजले असल्यास बदलावेत. त्या ढिलाईमुळे हात टोकाशी जास्त जाऊन चौकटीवर आदळतात.

अर्थिंगसाठी बोल्टाखालील पत्रा चकचकीत होईतो घासावा, बोल्ट आवळावा व सांध्यावर बाहेरून थोडे ग्रीस लावावे. मोटरीच्या अंगापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र तार जोडणे अधिक श्रेयस्कर. फ्यूजच्या पकडी व स्विचची टोकेही त्याच वेळी साफ करावीत.

तिसऱ्या चाचणीत मोटर खरोखरीच सदोष ठरली तरच ती उघडावी. प्रथम गरारीच्या पेटीतील ग्रीस पाहावे. वर्षानुवर्षे तसेच राहिलेले ग्रीस मेणासारखे घट्ट होते. ते काढून नवे भरताच कित्येक मोटरी पूर्ववत होतात. त्यानंतर कार्बन आपल्या खोबणीत मोकळेपणी सरकतात की नाही, त्यांच्या स्प्रिंगांत दम आहे की नाही, हे पाहावे. कम्युटेटर काळा पडला असल्यास तो बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कठीण कण तांब्यात रुतून बसतात व पुढे कार्बन झिजवितात. पट्ट्यांमधील खाचांत साचलेली कार्बनची भुकटी टोकदार काडीने काढावी. आसाचे सच्छिद्र पितळी बुश कोरडे पडले असतील तर ते इंजिनाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवावेत. त्यांच्या छिद्रांत तेल मुरते व पुढे हळूहळू आसास मिळत राहते. वेटोळ्यांस करपल्याचा वास येत असेल तर मात्र आर्मेचर पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

रबर आणि काच

यंत्रणा दुरुस्त झाली तरी काच पुसते ती रबराची एक पातळ कड. ही कड प्रत्येक फेऱ्यात दोनदा उलटते व नेहमी ब्लेडच्या मागे ओढली जाते. ऊन व हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होऊन उलटेनासे झाले की ते एका दिशेने पुसते आणि दुसऱ्या दिशेने थडथडत उड्या मारते. अशा रबरास कोणतेही तेल लावून उपयोग नाही, ते बदलावे. नव्या रबरानेही थडथड चालूच राहिली तर वायपरचा हात पिळला गेला आहे काय ते पाहावे. हात काचेच्या मध्यावर असता ब्लेड काचेशी काटकोनात उभे राहिले पाहिजे. तसे नसेल तर दोन पकडींनी हात किंचित पिळून ते सरळ करता येते.

हाताच्या स्प्रिंगचा दाब ब्लेडजवळ ताणकाटा अडकवून मोजता येतो. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या दुरुस्तीपुस्तकांत तो ७ ते ९ औंस, म्हणजे सुमारे २०० ते २५५ ग्रॅम सांगितलेला असे. लांब ब्लेड व वक्र काच असलेल्या गाड्यांत तो अधिक असतो. काच नीट पुसली जात नाही म्हणून स्प्रिंग कडक करणे हा उपाय पुष्कळदा योजला जातो. परंतु तो भार अखेर मोटरीवर पडतो हे वरील गणितावरून कळून येईल.

काचेवरील तेलकट थराचाही विचार केला पाहिजे. स्वच्छ काचेवर पाणी पसरून सलग पडदा होतो व त्यातून बऱ्यापैकी दिसते. तेलकट काचेवर त्याचे थेंब बनतात आणि प्रत्येक थेंब समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश विखुरतो. वायपर बंद पडल्यास काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळावा, अशी युक्ती ड्रायव्हर मंडळींत सांगितली जाते. तिच्यामागील तत्त्व हेच आहे: पाण्याने थेंब न बनविता पसरावे. घाटातून जवळचे गॅरेज गाठण्यापुरता हा उपाय ठीक आहे. रात्री वा जोराच्या पावसात त्यावर विसंबून राहू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करावी.

उपसंहार

प्रस्तुत लेखकाच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. दुसरी मोटर जळाल्यावर पहिली, टाकाऊ समजून अडगळीत ठेवलेली मोटर बाहेर काढली. ती एकटी चालवून पाहता निर्दोष निघाली. दोन्ही स्पिंडल काढले तेव्हा चालकाच्या बाजूचा स्पिंडल बोटांनी हलतही नव्हता. तो धुऊन, ग्रीस भरून, नवा वायसर घालून बसविला. अर्थिंगसाठी वेगळी तार जोडली. आणि तीच जुनी मोटर पुन्हा आवळली. त्यानंतर अनेक पावसाळे ती चालत आहे. घाटाखालील त्या मिस्त्रींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी फेरे दुप्पट झालेले डोळ्यांनी पाहिले होते, आणि तीस फेऱ्यांवर समाधान मानण्याची चूक गाडीच्या मालकाचीही होती. मिनिटास किती फेरे व्हावयास हवेत हे दोघांपैकी कोणास ठाऊक असते, तर तपास तेथेच थांबला नसता.

यावरून एक साधी सूचना करावीशी वाटते. वायपर सुस्थितीत असताना ओल्या काचेवरील फेरे, हात उचलल्यावरचे फेरे, एकट्या मोटरीचा प्रवाह आणि अर्थिंगमधील दाबाची घट, असे चार आकडे एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. दरवर्षी वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, हेच चार आकडे पुन्हा घ्यावेत. अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ या कामास लागत नाही. कोणता आकडा बदलला हे पाहिले की दोष कोठे आहे ते कळते, आणि दुरुस्ती घाटात न होता घरच्या अंगणात होते.